जुन्या सागवानी दाराचं टेबल: रंग उतरवण्यापासून शेवटच्या हातापर्यंत

ऑइलपेंट लावायचा असेल तर लांबी (पुट्टी) भरून, घासून बरंच काही झाकता येतं. क्लिअर कोटमध्ये, म्हणजे लाकूड दिसू देणाऱ्या पारदर्शक थरात, ती सोय नाही. आडवा मारलेला पॉलिश पेपर, पुसायचा राहिलेला फेव्हिकॉल, खिळ्याभोवतीचा काळा डाग, सगळं कोटखाली दिसतं. उलट आधीपेक्षा ठळक दिसतं, कारण कोट बसला की लाकूड ओलं झाल्यासारखं गडद होतं. त्यामुळे टेबल चांगलं होणार की वाईट, हे डबा उघडण्याआधीच बरंचसं ठरून गेलेलं असतं. चार-पाच दिवसांचं काम असेल तर त्यातले तीन दिवस उतरवणं, दुरुस्ती आणि घासणं यांत जातात, आणि जायलाच हवेत.

इथे एकच वस्तू धरली आहे: चाळीतल्या किंवा वाड्यातल्या दाराची एक झडप, साधारण ६ फूट × अडीच फूट, तिचं लिहिण्याचं किंवा जेवणाचं टेबल. पलंग, फडताळ, खुर्ची यांनाही हीच पद्धत चालते. जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

दार निवडताना

पाडलेल्या वाड्यांचं लाकूड पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटकडे, तर मुंबईत जोगेश्वरीच्या ओशिवरा बाजारात चौकशी केली की मिळतं. दुकानात दार उभं असतं, रंगानं माखलेलं असतं आणि विकणारा ‘बर्मा टीक आहे’ म्हणतो. त्यावर न जाता दाराच्या खालच्या कडेला पटाशीनं नखाएवढी जागा खरवडून बघा. सागवान सोनेरी-तपकिरी निघतं, बोटाला किंचित तेलकट लागतं आणि ताज्या खरवडीला चामड्यासारखा उग्र वास येतो. खरवडल्यावर पातळ पापुद्रा सुटून खाली वेगळं लाकूड दिसलं, तर ते व्हिनिअर लावलेलं फ्लश डोअर आहे. ते या कामाचं नाही.

मग खालची कड तपासा. तिथे वर्षानुवर्षं फरशी पुसल्याचं आणि पावसाचं पाणी मुरलेलं असतं. स्क्रू ड्रायव्हर हातानं दाबला आणि सहज ५ मिमी आत गेला, तर तेवढा भाग कापून टाकावा लागेल. लांबी ठरवताना ते आधीच धरा. दार पिळलंय का ते बघायला दोन सरळ पट्ट्या दोन टोकांना आडव्या ठेवून एका बाजूनं नजर लावा. दोन्ही पट्ट्या समांतर दिसायला हव्यात. ३-४ मिमी पीळ खालच्या फ्रेमला बांधून आवरता येतो. एक सेंटीमीटरच्या पुढे असेल तर दार सोडून द्या, रंधा मारून तो काढायचा तर जाडीच उरत नाही. टेबलासाठी फळी किमान ३० मिमी जाड हवी.

बारीक भोकं दिसली म्हणून लगेच नको म्हणू नका. भोकाखाली पिठासारखी ताजी भुकटी पडते का, ते महत्त्वाचं. भुकटी झटका, खाली काळा कागद पसरून दार आठवडाभर ठेवा. कागद कोरा राहिला तर बहुधा जुनी, मेलेली कीड आहे. भुकटी पडलीच तर लाकडावर मारायचं कीडनाशक इंजेक्शनच्या सिरिंजनं प्रत्येक भोकात भरा, दार प्लॅस्टिकमध्ये दोन-तीन दिवस गुंडाळून ठेवा आणि मग मोकळ्या हवेत पूर्ण वाळू द्या. हे रंग उतरवल्यावर करायचं, म्हणजे औषध लाकडात मुरतं.

कोरीव काम असलेल्या, शंभराहून जास्त वर्षं जुन्या वस्तूवर हे प्रयोग करू नयेत. तिचा मूळ पृष्ठभाग घासला की तिचं मोल गेलं. आणि परदेशी राहणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, की १९७२ च्या पुरातन वस्तू कायद्यानुसार अशी वस्तू खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही. जुनी दिसणारी पण तेवढी जुनी नसलेली वस्तू न्यायची असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरातन नसल्याचा दाखला घ्यावा लागतो.

वर काय लावलंय ते ओळखा

अंगावर नेमकं काय आहे हे कळल्याशिवाय काहीही उतरवायला घेऊ नका. नजरेआडच्या जागी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून दोन मिनिटं दाबून धरा. पृष्ठभाग चिकट होऊन बोळ्याला तपकिरी रंग लागला, तर ते लाखेचं फ्रेंच पॉलिश आहे. स्पिरिटनं काही झालं नाही पण एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरनं मऊ पडलं, तर लॅकर आहे. दोन्हींना दाद न देणारं पारदर्शक फिनिश बहुतेक वेळा मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) असतं. दारावर मात्र सहसा ऑइलपेंटच सापडतो, एकावर एक चार-पाच थर, आणि पहिला थर बहुधा हिरवा, निळा किंवा चॉकलेटी.

फ्रेंच पॉलिश असेल तर तुम्ही नशीबवान आहात. स्पिरिट आणि जाड्या कापडानं ते पुसूनच निघतं, घासायची गरज नाही. पुष्कळदा तर ते काढण्याचीही गरज नसते: टर्पेंटाइननं मेण आणि मळ पुसून वर लाखेचे दोन पातळ हात दिले की जुनी खुर्ची पुन्हा उजळते. सगळं उतरवून कोरं लाकूड काढण्याची घाई जुन्या फर्निचरचं सर्वांत जास्त नुकसान करते.

ऑइलपेंट उतरवणं

आधी शिशाचं बोलू. भारतात घरगुती रंगातल्या शिशाची मर्यादा ९० पीपीएमवर (दहा लाख भागांत ९० भाग) आणणारा नियम २०१६ साली आला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं, जुन्या दारावरच्या थरांत तर ते आहे असंच धरून चाला. म्हणून हा रंग कोरडा घासायचा नाही. सँडर लावायचा नाही आणि हीट गनही नको. उडणारी धूळ लहान मुलांना आणि गरोदर बाईला सर्वांत घातक. रंग ओल्या पद्धतीनं, पेंट रिमूव्हरनंच उतरवा.

रिमूव्हरचं काम गच्चीवर किंवा अंगणात, सावलीत. बहुतेक जोरदार रिमूव्हरांत मिथिलीन क्लोराइड असतं. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते आणि बंद जागेत साचते. बंद बाथरूममध्ये हे काम करताना माणसं दगावली आहेत, त्यामुळे यात सूट नाही. साधा धुळीचा मास्क या वाफेला थांबवत नाही, मोकळी हवाच लागते. दवाखान्यातले पातळ हातमोजेही यात टिकत नाहीत. जाड, रसायनांसाठीचे मोजे घाला, डोळ्यांना चष्मा लावा.

रिमूव्हर जुन्या ब्रशनं एकाच दिशेनं, २-३ मिमी जाड थापायचा. भिंत रंगवल्यासारखा पुढे-मागे फिरवला तर त्यावरची साय मोडते आणि दम उडून जातो. वर पातळ प्लॅस्टिक अंथरा आणि १५ ते ३० मिनिटं हात लावू नका. रंग फुगून सुरकुतला की बोथट पट्टीनं लाकडाच्या रेषेच्या दिशेनं ओढून काढा. पट्टीचे दोन्ही कोपरे आधी कानशीनं गोल करून घ्या, नाहीतर मऊ झालेल्या लाकडात ते रुततात आणि ती रेघ शेवटपर्यंत दिसते. न निघालेल्या जागी जोर लावू नका, पुन्हा थापा. चार थर असतील तर दोन-तीन फेऱ्या होतातच.

खाचा आणि गोलाई यांत पट्टी जात नाही. तिथे काथ्याची जाडी दोरी सगळ्यांत उपयोगी. दोरी खाचेत बसवायची, दोन्ही टोकं धरून पुढे-मागे ओढायची, की मऊ झालेला रंग तंतूंत अडकून बाहेर येतो आणि खाचेची धार शाबूत राहते. कोपऱ्यासाठी बांबूची काडी तासून घ्या. तारेचा ब्रश नको. त्याचे लोखंडी कण सागवानात अडकतात आणि पुढे काळे ठिपके पडतात.

सगळं निघालं की लाकूड टर्पेंटाइन किंवा थिनरनं (डब्यावर जे सांगितलं असेल त्यानं) दोनदा पुसा. रिमूव्हरमध्ये मेण असतं, ते मागे राहिलं तर वरचा कोट महिन्याभरात पोपड्यासारखा सुटतो. ही पायरी गाळली जाते आणि दोष मात्र पॉलिशच्या डब्याला मिळतो. खरवडलेला गाळ वर्तमानपत्रावर वाळू द्या आणि पिशवीत बांधून धोकादायक कचऱ्यात द्या. मोरीत किंवा गटारात ओतू नका.

काही ठिकाणी दारं कॉस्टिक सोड्याच्या हौदात बुडवून स्वच्छ करून देतात. स्वस्त पडतं, झटपट होतं, आणि नुकसानही पुरेपूर होतं. सागवान काळवंडतं, तंतू केसाळ होतात, सांध्यातला सरस विरघळतो, आणि लाकडात उरलेला खार पुढे वरच्या कोटला धरू देत नाही. तिकडे जाऊ नका.

डाग, खिळे, फटी

कोरडं लाकूड हाती आलं की खिळे काढा. मोडलेले खिळे ओढत बसण्यापेक्षा २-३ मिमी आत ठोकून घ्या. खिळ्यांभोवती निळसर-काळं वर्तुळ असतं. लोखंड आणि लाकडातलं टॅनिन यांचा तो डाग आहे, घासून जात नाही कारण तो खोल गेलेला असतो. त्यावर ऑक्झॅलिक ॲसिड. एक लिटर कोमट पाण्यात ६० ग्रॅम, प्लॅस्टिकच्या भांड्यात. फक्त डागावर लावलं तर तिथे फिकट ठिगळ दिसतं, म्हणून सगळ्या फळीवर सारखं फिरवा, डागावर जरा जास्त. अर्ध्या तासानं डाग फिकटतो. हट्टी असेल तर पुन्हा. मग तीन-चार वेळा स्वच्छ पाण्यानं पुसून दोन दिवस सावलीत वाळवा. हे विष आहे आणि वाळलेले स्फटिक घासताना नाकात गेले तर झोंबतात, म्हणून धुण्यात कसूर नको.

सैल झालेल्या सांध्यात नुसता फेव्हिकॉल ओतून काही होत नाही. जुन्या सरसावर नवा गोंद धरत नाही. सांधा शक्य तेवढा उघडा, जुना सरस गरम पाण्याच्या फडक्यानं मऊ करून पटाशीनं खरवडा, वाळू द्या, मग गोंद लावून क्लॅम्पमध्ये २४ तास ठेवा. बाहेर आलेला गोंद लगेच ओल्या फडक्यानं पुसा आणि फडकं दर वेळी धुऊन घ्या. गोंदाचा पुसट हातसुद्धा लाकडाचं तोंड बंद करतो, आणि क्लिअर कोटखाली तिथे फिकट धब्बा दिसतो.

भुसा आणि फेव्हिकॉल यांची लांबी सगळे सुतार करतात. रंगाखाली ती ठीक आहे. क्लिअर कोटखाली ती आजूबाजूच्या लाकडापेक्षा वेगळीच दिसते. खिळ्यांच्या भोकांसाठी दोन भागांचं एपॉक्सी आणि त्याच दाराचा बारीक, १५० नंबरच्या पेपरखालचा भुसा घट्ट कालवून भरा. हा भुसा रंग पूर्ण निघालेल्या जागेचाच घ्या. एपॉक्सी वाळल्यावर थोडं गडद दिसतं, आणि जुन्या लाकडात गडद ठिपका खपून जातो, फिकट खपत नाही. कडी-कोयंड्याच्या मोठ्या भोकात त्याच लाकडाचा तुकडा रेषा जुळवून बसवा. कापून टाकलेली खालची कड अशा वेळी उपयोगी पडते, फेकू नका.

दोन फळ्यांमधली लांब फट मात्र कशानंही भरू नका. ७५ सेंमी रुंदीचं सागवान उन्हाळा ते पावसाळा या काळात रुंदीला ३ ते ५ मिमी फुगतं-आकसतं. फटीत कडक लांबी असेल तर ती तरी निघते किंवा फळी तरी तडकते. लिहायला सपाट पृष्ठभाग हवा असेल तर वर काच घ्या. उघडी फट आवडत नसेल तर सागवानाची पातळ पट्टी फटीत एकाच बाजूला चिकटवा, दुसरी बाजू मोकळी ठेवा.

घासणं

रंग पूर्ण निघाल्यावर थोडीफार धूळ करायला हरकत नाही, पण एन-९५ मास्क लावा, आधी फळी ओलसर करून घासा आणि मग कोरडं. खाचेत रंगाचा कण राहिला असेल तर तिथे सँडर नेऊ नका.

कागद १२०, १५० किंवा १८०, आणि २२०, या क्रमानं. ८० फक्त खरबरीत जागांना. मधला नंबर गाळला तर २२० नं वरवर गुळगुळीत लागतं, पण ८० चे ओरखडे तसेच राहतात आणि पहिला हात बसताच दिसतात. कागद लाकडी ठोकळ्याला किंवा जुन्या रबरी चपलेच्या तळव्याला गुंडाळा. नुसत्या बोटांनी घासलं तर मऊ रेषा खोल जातात आणि पृष्ठभाग लाटांचा होतो. प्रत्येक नंबरच्या आधी फळीवर पेन्सिलीनं हलक्या तिरक्या रेघा मारा. रेघा सगळीकडून गेल्या की तो नंबर झाला. फळीच्या टोकाचं आडछेदाचं लाकूड जास्त कोट पितं आणि काळं दिसतं, ते ३२० पर्यंत घासा.

मग संध्याकाळी खोलीतला दिवा बंद करून टॉर्च फळीला जवळजवळ टेकवून आडवा धरा. आडवे ओरखडे सावली टाकतात. उरलेलं बघायला फळी टर्पेंटाइनच्या फडक्यानं ओली करा: काही मिनिटं ती कोट लावल्यासारखीच दिसते. गोंदाचे धब्बे, राहिलेला रंग, सगळं आत्ताच कळतं आणि आत्ताच दुरुस्त होतं.

किती घासायचं? खुणा जातील तेवढं, वय जाईल तेवढं नाही. कडीच्या घासण्यानं पडलेली अर्धगोल रेघ, हात लागून गुळगुळीत झालेली कड, यांच्यासाठीच तर जुनं दार घेतलं. नव्यासारखं कोरं करायचं असेल तर नवीन सागवान घेतलेलं बरं. खाचेत जुन्या हिरव्या रंगाची रेषा राहिली आणि ती घट्ट असेल, तर ती राहू दिली तरी चालते, फक्त कोटखाली पूर्ण बंद झाली पाहिजे. लहान मुलं असलेल्या घरात मात्र तीही काढा.

कोणता कोट

लाखेचं पॉलिश जुन्या फर्निचरवर सर्वांत सुंदर दिसतं आणि दुरुस्तीला सर्वांत सोपं. एक लिटर स्पिरिटमध्ये १५० ते २०० ग्रॅम चपडी (लाखेचे पापुद्रे) रात्रभर विरघळवून, गाळून, कापसाच्या बोळ्यावर सुती कापड बांधून पातळ हात देत जायचं. पण गरम कप आणि पाणी यांनी त्यावर पांढरी वर्तुळं उठतात. पाळणा, आरसा, शोकेस, फडताळाची आतली बाजू यांना लाख. आत तर लाखच लावा, कारण तेली कोटचा वास बंद कपाटात महिनोन्‌महिने राहतो. जेवणाच्या टेबलाला लाख नको.

मेलामाइन टणक आणि स्वस्त, पण फॉर्मल्डिहाइडचा वास डोळ्यांत पाणी आणतो. हार्डनर मिसळायचं दोन डब्यांचं पीयू सर्वांत टिकाऊ आहे, ते सहसा स्प्रेनं मारतात आणि त्यातला आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असतो. योग्य मास्क आणि स्प्रेची जागा असलेल्या कारागिराकडूनच ते करून घ्या. पाण्यातलं पीयू वासरहित आणि न पिवळणारं. सागवानावर थोडं निस्तेज वाटतं, आणि पहिल्या हातानं तंतू उभे राहतात.

घरी, ब्रशनं, पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी एका डब्याचं तेली पीयू घ्या. सावकाश वाळतं म्हणून ब्रशच्या रेघा स्वतःच बसतात, चूक सुधारायला वेळ मिळतो आणि सागवानाला मधाळ रंग येतो. चकाकी की मॅट? जुन्या लाकडावर मॅट किंवा सॅटिन. चकचकीत कोट प्रत्येक उंचसखल जागा दाखवतो. दोन हात ग्लॉस आणि शेवटचा मॅट दिला तर कोट स्वच्छ पारदर्शक राहतो. मॅटमध्ये चमक कमी करणारी भुकटी असते, तिचे तीन थर एकावर एक आले की लाकडावर धुकं दिसतं.

हिशेब असा: ६ × अडीच फूट फळीच्या दोन्ही बाजू आणि कडा मिळून सुमारे २.९ चौरस मीटर. तीन हातांना ८.७ चौरस मीटर. जुन्या लाकडावर एका लिटरमध्ये ८ ते १० चौरस मीटर होतं, म्हणजे एक लिटर पुरतं. रिमूव्हर दोन लिटर, थर जास्त असतील तर तीन. पॉलिश पेपर प्रत्येक नंबरचे पाच-सहा, ३२० चे चार. दोन-अडीच इंची मऊ केसांचा ब्रश, चांगल्यातला. ब्रशमध्ये वाचवलेले पैसे कोटमध्ये अडकलेल्या केसांच्या रूपानं परत मिळतात.

हात देताना

पाय किंवा फ्रेम बसवण्याची भोकं कोटच्या आधी पाडून, एकदा जोडून बघून पुन्हा सुटं करा. ऋतू ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम. कोकणात सकाळचं दव जाऊ द्या, दहा वाजता सुरू करून तीनच्या आत संपवा. देशावर एप्रिल-मेमध्ये उलट, सकाळी नऊच्या आत उरका, नंतर कोट ब्रशखालीच ओढायला लागतो. पावसाळ्यात हे काम टाळाच.

सागवानात स्वतःचं तेल असतं आणि ते तेली पीयूला वाळू देत नाही. म्हणून पहिल्या हाताच्या आधी फळी एनसी थिनरच्या फडक्यानं पुसा, १५ मिनिटं उडू द्या आणि त्यानंतर तासाभरात पहिला हात द्या. पुसून दुसऱ्या दिवसावर ढकललं तर तेल पुन्हा वर येतं. शिसवीला एवढंही पुरत नाही: तिला आधी मेणविरहित लाखेचा एक पातळ हात द्यावा लागतो. साध्या चपडीत मेण असतं, तिच्यावर पीयू नीट धरत नाही.

डबा हलवायचा नाही, काडीनं तळापासून ढवळायचा. लागेल तेवढं वाटीत गाळून घ्या आणि डबा बंद करा. पहिल्या हातात चौथा हिस्सा टर्पेंटाइन (डब्यावर कमी मर्यादा असेल तर तेवढंच). आधी खालची बाजू. खालून कोट न लावलेली फळी एकाच बाजूनं दमट होते आणि वाकते. खाली निदान दोन हात द्याच, तिसऱ्यात थोडी काटकसर चालेल. ब्रशचा एक तृतीयांश बुडवा, फळीच्या मध्यापासून कडेकडे न्या, मग टोकापासून टोकापर्यंत रेषेच्या दिशेनं जवळजवळ कोरडा ब्रश नुसता टेकवत एकदा फिरवा. आणि सोडून द्या. पाच मिनिटांनी दिसलेला केस किंवा डास काढायला ब्रश पुन्हा फिरवला तर ती रेघ राहते. वाळू द्या, नंतर कागदानं निघेल. पहिला अर्धा तास पंखा बंद, नंतर हवा खेळती.

दुसऱ्या दिवशी ३२० नं हलकं घासा. पांढरी, कोरडी भुकटी उडायला हवी. कागदाला गोळ्या चिकटत असतील तर अजून वाळलेलं नाही, एक दिवस थांबा. टर्पेंटाइनच्या किंचित ओल्या फडक्यानं धूळ पुसा आणि दुसरा हात न पातळ करता. तिसराही तसाच. तेली कोटची, जवसाच्या तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. दोरीवर एकेरी पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

बिघडलं तर

चोवीस तासांनीही चिकट असेल तर सागवानाचं तेल, मागे राहिलेलं मेण किंवा दमट हवा. दोन-तीन दिवस कोरड्या हवेत थांबून बघा, तरी चिकटच राहिलं तर थिनरनं तो हात काढून मेणविरहित लाखेपासून सुरुवात. बारीक फुगे बहुतेक वेळा डबा हलवल्यामुळे किंवा फळी उन्हात तापलेली असल्यामुळे येतात; वाळल्यावर ३२० नं घासून जातात. सुरकुत्या म्हणजे जाड हात: वरची साय वाळली आणि खालचं ओलं राहिलं. पूर्ण कडक होऊ द्या, मग घासा. कोट एखाद्या जागी मागे सरकून गोल खळगा पडला तर तिथे तेल किंवा सिलिकॉन लागलंय, बहुधा फर्निचरच्या स्प्रेचं किंवा बिजागरीला घातलेल्या तेलाचं. ओला असतानाच तो हात टर्पेंटाइननं पुसून काढा, लाखेचा पातळ हात द्या आणि पुन्हा करा. लाख किंवा लॅकर वाळताना पांढुरका पडला तर हवेतली ओल आत अडकली आहे. कोरड्या दिवशी स्पिरिटचा (लॅकरला थिनरचा) जेमतेम ओला बोळा फिरवला की साफ होतो.

पाय, काच आणि वापर

१८० × ७५ × ३.५ सेंमी सागवान फळीचं वजन ३० किलोच्या आसपास भरतं. वर ८ मिमी काच घेतली तर ती आणखी २७ किलो. म्हणून पाय नाजूक नकोत: ४० × ४० मिमी चौकोनी लोखंडी नळीची, २ मिमी जाडीची फ्रेम पुरते. टेबलाची उंची काचेसकट ७५ सेंमी आणि बसणाऱ्याच्या गुडघ्यांना फ्रेमखाली किमान ६० सेंमी मोकळी जागा. फ्रेमला फळी गच्च आवळू नका. रुंदीच्या दिशेनं लांबट भोकं ठेवा, वॉशर घाला आणि २५ मिमीचे स्क्रू बेताबेतानं आवळा, म्हणजे फळीला सरकायला जागा राहते.

काच लगेच ठेवू नका. कोट एका दिवसात वाळतो, पण कडक व्हायला आठवडा आणि पूर्ण पिकायला महिनाभर लागतो. किमान तीन आठवड्यांनी, चिकटवायच्या पारदर्शक सिलिकॉनच्या टिकल्यांवर काच ठेवा. थेट ठेवली तर ती चिकटते आणि खाली ओलीचे चट्टे दिसतात. महिनाभर प्लॅस्टिकचा टेबलक्लॉथही नको, त्याची नक्षी कोटवर उमटते.

देव्हाऱ्यालाही पीयूच, पण समई आणि निरांजनाखाली पितळी ताटली किंवा दगडी चकती ठेवा. हळद सांडली तर लगेच पुसा. पोळपाट, लाटणं, भाजी चिरायची फळी यांना कोणताच क्लिअर कोट नको. गच्चीतल्या झोपाळ्याला घरातला कोट लावला तर ऊन त्यातून आरपार जाऊन खालच्या लाकडाचा पृष्ठभाग पोखरतं आणि कोट पापुद्र्यानं सुटतो. त्याला अतिनील किरण अडवणारं बाहेरचं पीयू लागतं आणि वर्ष-दोन वर्षांनी, सोलायला लागण्याआधीच, ३२० नं घासून एक नवा हात द्यावा लागतो. घरातल्या टेबलावरही कड आणि बसायच्या जागेसमोरचा भाग आधी झिजतो. ओल्या फडक्यानं पुसल्यावर पाणी मोत्यासारखं न थांबता लाकूड काळपट ओलं दिसायला लागलं, की त्या पूर्ण फळीवर, एका सांध्यापासून दुसऱ्या सांध्यापर्यंत, घासून एक हात द्या. मधेच तुकडा केला तर पीयूमध्ये त्याची कड दिसते.